हेडफोनची किंमत आणि कानाचे मोल

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण हेव्ही मेटल या प्रकारचे संगीत आवडीने ऐकतात. घरातील वडील मंडळींना तो निव्वळ गोंगाट वाटतो, हेही तुम्ही अनुभवलेले असेल. कोणी काय ऐकावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्या वादात आपण पडू नये हे बरे. पण हे संगीत ऐकण्यासाठी कोणता हेडफोन घ्यावा, हा प्रश्न मात्र आवडीचा नाही. तो पुष्कळसा पदार्थविज्ञानाचा, थोडासा शरीरशास्त्राचा आणि उरलेला घरच्या हिशेबाचा आहे.

दुकानात हेडफोन काही शे रुपयांपासून मिळतात आणि लाख रुपयांच्या पुढेही जातात. जितका महाग तितका चांगला, आणि त्यातही ज्याचा खर्ज जोरदार तो मेटलसाठी सर्वांत चांगला, अशी समजूत सर्वत्र आढळते. माझ्या मते ही समजूत दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. आवाज कमी ठेवूनही ज्यावर प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येते, तो या संगीतासाठी उत्तम हेडफोन. असा हेडफोन महाग असू शकेल, पण तो महाग असलाच पाहिजे असे नाही. हे मत मी का मांडतो, ते आता क्रमाने पाहू.

या संगीतात असते तरी काय?

हेव्ही मेटलचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाला, असे सामान्यतः मानतात. ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी हा वयाच्या १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे बनविली आणि पुढे तारांचा ताणही कमी केला. गिटारची सर्वांत जाड तार नेहमी सेकंदाला सुमारे ८२.४ कंपने करते, म्हणजे तिची कंप्रता ८२.४ हर्ट्‌झ असते. १९७१ च्या सुमारास त्याने ती ६९.३ हर्ट्‌झपर्यंत खाली आणली.

ताण किती कमी झाला असेल? तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, हे तुम्ही शिकला आहात किंवा लवकरच शिकाल. ६९.३ ला ८२.४ ने भागा, उत्तर ०.८४ येते. त्याचा वर्ग सुमारे ०.७१. म्हणजे ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरला. जखमी बोटांना आराम मिळाला आणि संगीताला एक नवा, जड, खालचा आवाज मिळाला. पुढे अनेकांनी तो उचलला.

या संगीताचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे विरूपण. गिटारचा विद्युत्-संकेत प्रवर्धकात, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, इतका वाढवितात की त्याच्या लहरींचे माथे छाटले जातात. लहर छाटली गेली की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा कंप्रतेचे उपस्वर तिच्यात जोराने उमटतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावतात ती उपस्वर फुलावेत म्हणूनच. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांतील या गुणाचा अभ्यास केला होता. जवारी हे काम घोडीच्या वक्र पृष्ठावर करते, तर मेटलमध्ये ते प्रवर्धकात होते. दोन्हींचा ध्वनी वेगळा असला तरी हेतू एकच, स्वर भरदार करणे.

आता आणखी एक गंमत पाहा. या गिटारवर ८२.४ आणि तिच्या दीडपट, म्हणजे १२३.६ हर्ट्‌झचे स्वर पुष्कळदा एकत्र वाजवितात. षड्ज आणि पंचम यांची ही जोडी. दोन्ही एकाच विरूपण करणाऱ्या प्रवर्धकातून गेले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे ४१.२ हर्ट्‌झचा, तिसरा स्वर जन्माला येतो. ४१.२ ही ८२.४ ची बरोबर निमपट. कोणीही न वाजविलेला, एक सप्तक खालचा स्वर आपल्याला ऐकू येतो तो असा.

याखेरीज ढोल आहेत. दोन्ही पायांनी मोठा ढोल वाजविण्याची पद्धत या संगीतात रूढ आहे. मिनिटाला २०० मात्रा आणि प्रत्येक मात्रेत ४ ठोके धरले, तर मिनिटाला ८०० ठोके होतात. दोन ठोक्यांमध्ये अंतर उरते सेकंदाचा फक्त ७५ सहस्रांश भाग! आणि या सगळ्याच्या वर झांजांचा १०,००० हर्ट्‌झच्याही पुढे जाणारा झणत्कार असतो.

थोडक्यात, मेटल म्हणजे गच्च भरलेली लोकलगाडी. प्रत्येक प्रवासी ओळखू यायला हवा, अशी आपली हेडफोनकडून अपेक्षा आहे.

डाग कोठे असावा?

यावर एखादा म्हणेल, “संगीतच जर विरूपित आहे, तर हेडफोनने त्यात थोडी भर घातली म्हणून काय बिघडले?” पुष्कळ बिघडते. चित्रकाराने चित्रात मुद्दाम काढलेला काळा फराटा हा चित्राचा भाग असतो. आपल्या चष्म्याच्या काचेवरचा डाग मात्र प्रत्येक चित्रावर दिसत राहतो. गिटारवादकाने ठरवून केलेले विरूपण जसेच्या तसे पोहोचायचे असेल, तर हेडफोनने आपले काहीही त्यात मिसळता कामा नये.

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो. नेहमीच्या प्रकारात या पडद्याला तारेचे वेटोळे चिकटविलेले असते आणि ते चुंबकाच्या क्षेत्रात हलते. जर्मनीतील बायरडायनॅमिक कंपनीने १९३७ साली या तत्त्वावरचा हेडफोन बाजारात आणला. दुसऱ्या प्रकारात सपाट पडद्यावरच वाहक पट्ट्या बसवून तो चुंबकांच्या रांगांमध्ये ठेवतात. तिसऱ्या प्रकारात अतिशय पातळ पडद्यावर उच्च विद्युत्-दाब देऊन तो दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये टांगलेला असतो; जपानच्या स्टॅक्स कंपनीने असा हेडफोन १९६० साली तयार केला. तिन्ही प्रकारांत चांगले नमुने आहेत आणि तिन्हींत सामान्यही आहेत. केवळ प्रकाराच्या नावावरून निवड करणे म्हणजे नांगी बघून खेकडा विकत घेण्यासारखे आहे.

जोरदार खर्जाचा मोह

आता खर्जाच्या समजुतीकडे वळू. आपल्या कानाचा एक गुणधर्म असा की, मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या कंप्रतेच्या आवाजांना झाकून टाकतो. उलट्या दिशेने हे झाकणे फारसे होत नाही. ज्या हेडफोनमध्ये खर्ज मुद्दाम फुगविलेला असतो, त्यात १०० ते ५०० हर्ट्‌झच्या पट्ट्यातील गिटार गुदमरते. ७५ सहस्रांश सेकंदाच्या अंतराने येणारे ढोलाचे ठोके एकमेकांत मिसळून त्यांचा नुसता घुमारा उरतो. मग ऐकणारा काय करतो? गिटार नीट ऐकू यावी म्हणून आवाज वाढवितो. गिटारबरोबर खर्जही वाढतो आणि मूळ अडचण तशीच राहते. वाढतो तो फक्त कानावरचा भार.

मग हेडफोनने सर्व कंप्रता सारख्याच प्रमाणात द्याव्यात काय? येथेही एक खोच आहे. आपल्या कानाची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असून तिच्या एका टोकाला कानाचा पडदा असतो. एका बाजूने बंद असलेल्या नळीत अनुस्पंदन होते ते नळीच्या चौपट लांबीच्या लहरीला. २.५ ची चौपट १० सेंटिमीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. भागाकार करा, ३,४०० हर्ट्‌झ. समोरून येणारा आवाज या कंप्रतेच्या आसपास कान स्वतःच वाढवून घेतो. हेडफोन कानाला लावला की ही नैसर्गिक व्यवस्था बदलते, म्हणून हेडफोनला तेथे योग्य तेवढा उठाव द्यावा लागतो. तो कमी पडला तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. जास्त झाला तर गिटारचे उपस्वर आणि झांजा सुईसारख्या टोचू लागतात. अमेरिकेतील हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास अनेक श्रोत्यांवर चाचण्या घेतल्या. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या ध्वनिक्षेपकासारखा समतोल देणारा हेडफोन बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, असे त्यांना आढळले. समतोल हाच खरा शब्द आहे. मेटलसाठी तो थोडा जास्तच लागू पडतो, कारण येथे सर्व वाद्ये एकाच वेळी पूर्ण जोरात वाजत असतात.

जास्त पैशांत जास्त काय मिळते?

किंमत आणि समतोल यांचा संबंध किती? येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतीशी ताडून पाहिली. कंप्रता-प्रतिसाद आणि किंमत यांत त्याला कोणताही स्पष्ट संबंध आढळला नाही. जाहिरातींवर विश्वास ठेवण्यापूर्वी ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

महाग हेडफोन म्हणजे फसवणूक, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणेही अशास्त्रीय होईल. अधिक पैशांत पुष्कळदा अधिक टिकाऊ बांधणी, तासन्‌तास घालता येईल अशी गादी, सुटे भाग मिळण्याची सोय आणि कमी विरूपण या गोष्टी मिळतात. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा १९९७ साली आलेला एचडी ६०० हा हेडफोन पिढ्या बदलल्या तरी ध्वनितज्ज्ञांच्या मेजावर टिकून राहिला, त्याला कारण आहे. माझे म्हणणे एवढेच की, एका पातळीनंतर किंमत दहापट होते आणि ऐकण्यातला फरक तेवढा वाढत नाही. घरातील एका माणसाच्या महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मागताना तुम्हाला हे माहीत असले पाहिजे.

खोक्यावर छापलेल्या आकड्यांकडेही डोळसपणे पाहा. “५०,००० हर्ट्‌झपर्यंत” असे काही ठिकाणी लिहिलेले असते. माणसाचा निरोगी तरुण कान सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतच ऐकतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदविलेले असतात, आणि त्यांतून जास्तीत जास्त त्याच्या निम्म्या, म्हणजे २२,०५० हर्ट्‌झपर्यंतच्या लहरी मिळू शकतात. ५०,००० चा आकडा वटवाघळांच्या उपयोगी पडेल.

आणखी एक मर्यादा अशी, जी कोणताही हेडफोन ओलांडू शकत नाही. मेटॅलिका या प्रसिद्ध संघाची ‘डेथ मॅग्नेटिक’ ही ध्वनिमुद्रिका २००८ साली निघाली. ती अधिकाधिक मोठ्या आवाजात ऐकू यावी म्हणून मुद्रणातच लहरींचे माथे इतके दाबले आणि छाटले गेले होते की, हजारो चाहत्यांनी ती नव्याने तयार करून द्यावी असा अर्ज केला. एका संगणक-खेळासाठी दिलेल्या त्याच गाण्यांचे मुद्रण कमी दाबलेले होते, त्यामुळे फरक सर्वांना उघड दिसला. छाटलेला भाग लाख रुपयांचा हेडफोनही परत आणू शकत नाही. उलट तो दोष अधिक स्पष्ट दाखवितो. म्हणून हेडफोन बदलण्यापूर्वी मुद्रण चांगले आहे ना, हे पाहावे.

खरी किंमत कोणती?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. आपल्या आंतरकर्णातील शंखाकृती नळीत सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर होते ते त्यांच्यामुळे. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हेडफोन बिघडला तर दुसरा आणता येतो, केसपेशी कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात आणि ३ डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास सोसावा. पुढे दर ३ डेसिबेलना हा वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबेलला फक्त १५ मिनिटे! कित्येक हेडफोन १०० डेसिबेल सहज ओलांडतात. जागतिक आरोग्य संघटना तर आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबेल एवढीच मर्यादा सुचविते. १२ ते ३५ वर्षे वयाच्या १०० कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीला असुरक्षित ऐकण्यामुळे धोका आहे, असा या संघटनेचा अंदाज आहे.

मेटल ऐकणाऱ्याला हा हिशेब अधिक कडक लागू होतो. ख्याल गायनात आलापीचे शांत भाग असतात, तेथे कानाला उसंत मिळते. गच्च दाबलेल्या मेटलमध्ये पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत पातळी जवळजवळ सारखीच राहते. १५ मिनिटांची शिधा चार गाण्यांत संपते. एसी/डीसी या रॉक संघाचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ साली डॉक्टरांनी दौरा थांबविण्यास सांगितले. तसे न केल्यास संपूर्ण बहिरेपणाचा धोका होता.

येथे हेडफोनची निवड आणि कानाचे आरोग्य यांची गाठ पडते. एस. टी.च्या गाडीत किंवा लोकलमध्ये बाजूने उघडा असलेला हेडफोन घातला, तर इंजिनाचा घरघराट आत शिरतो आणि त्यावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवितो. उघड्या धाटणीचा हेडफोन शांत खोलीत उत्तम, प्रवासात निरुपयोगी. प्रवासासाठी कान झाकणारा बंद हेडफोन घ्यावा किंवा गोंगाट शमविणारा. बाहेरच्या लहरीच्या नेमकी उलटी लहर निर्माण करून गोंगाट पुसण्याची ही युक्ती खालच्या कंप्रतांवर चांगली चालते. अमर बोस या भारतीय वंशाच्या अमेरिकन प्राध्यापकाला १९७८ साली विमानप्रवासात तिचा ध्यास लागला आणि १९८९ साली वैमानिकांसाठी तसे हेडफोन बाजारात आले. बाहेरचा गोंगाट गेला की आतला आवाज कमी ठेवूनही गाणे पूर्ण ऐकू येते. माझ्या मते मेटलच्या श्रोत्याने जास्तीचे पैसे खर्चावेत, तर ते या गुणासाठी.

निवड कशी करावी?

प्रथम आपण बहुधा कोठे ऐकतो ते ठरवा, घरी की प्रवासात. मग दोन-तीन हेडफोन घालून पाहा. चष्मा असेल तर चष्म्यासकट घाला. काडीमुळे गादी आणि कान यांत फट राहिली की बंद हेडफोनचा खर्ज गळून जातो आणि दोष मात्र हेडफोनला दिला जातो. तुमच्या पाठ असलेले एकच गाणे सर्वांवर लावा आणि सर्वांचा आवाज सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. आवाज हळूहळू कमी करीत जा. ढोलाचे ठोके मोजता येतात का? खर्जाची गिटार मुख्य गिटारीपासून वेगळी कळते का? गायकाचे शब्द लागतात का? सर्वांत कमी आवाजावर या तिन्ही प्रश्नांना जो “होय” म्हणेल, तो घ्या. त्यावरचे किमतीचे लेबल मगच उलटून पाहा.

शिक्षकांना एक विनंती. हा प्रयोग वर्गात करता येईल. तीन विद्यार्थ्यांकडचे तीन हेडफोन आणा, ऐकणाऱ्याचे डोळे रुमालाने बांधा आणि त्याला काय ऐकू आले ते नावे व किमती सांगण्यापूर्वी लिहून घ्या. गादीचा स्पर्श आणि वजन यांवरून हेडफोन ओळखता येतो, म्हणून हा प्रयोग पूर्णपणे निर्दोष नाही. तो निर्दोष कसा करावा, हाच पुढच्या तासाचा विषय होऊ शकतो. ध्वनीच्या धड्यातील कंप्रता, अनुस्पंदन आणि डेसिबेल हे शब्द विद्यार्थ्यांना त्या दिवसानंतर पाठ करावे लागणार नाहीत.

आणि मित्रांनो, हेडफोन घरी आणल्यावर एक गोष्ट आजच करा. रात्री सगळीकडे सामसूम असताना, गाणे सुखाने ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा आणि भ्रमणध्वनीवर तो कोणत्या रेघेवर आहे ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्यावर त्या रेघेच्या किती वर जावे लागते, ते पाहा. ऐकून झाल्यावर कानात गुणगुण राहिली, तर ती केसपेशींची तक्रार समजा आणि त्या दिवशी पुन्हा हेडफोन लावू नका.